वीस घरांसाठी गवती चहाचा काढा : विक्रोळीतल्या पावसाळ्याच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

आमच्या भिशीत वीस घरं आहेत. यंदा दिवाळीला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी प्रत्येकीच्या हातात घरी सुकवलेल्या काढ्याची पुडी ठेवायची असं ठरलं आणि काम मी अंगावर घेतलं. कन्नमवार नगरात दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. खिडकीतली जाळी आणि गच्चीवर सोसायटीने दिलेला एक कोपरा, एवढीच जागा. मनात धरलेलं साहित्य असं: गवती चहा, तुळस, सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध. दर पुडीत दहा कपांचा ऐवज.

मुंबईत, तेही पावसाळ्यात, कुणाला हेच करायचं असेल तर त्यांचा वेळ वाया जाऊ नये, म्हणून या नोंदी ठेवते आहे.

आज नर्सरीतून गवती चहा म्हणून दोन कुंड्या आणल्या. प्रत्येकी १२० रुपये.

३० जून

कुंडीतली चार पाती कापून सकाळच्या चहात टाकली. वास लिंबासारखा, पण मागे साबणाची चव. मला वाटलं पाती कोवळी असतील. आईंनी (माझ्या सासूबाई, वय ७४, माहेर चिपळूणजवळचं) कप खाली ठेवला, कुंडीपाशी जाऊन ठोंबाची बाहेरची साल बोटाने मागे केली आणि म्हणाल्या, "अगं, बूड बघ ना, लाल आहे. गवती चहाचं बूड पांढरट-हिरवं असतं. ही डासांची गवत."

सिट्रोनेला. तेल काढतात ती, उदबत्तीत आणि डास पळवायच्या औषधात जाते. गवती चहाच्याच कुळातली, पात दिसायला अगदी सारखी, पण प्यायची नाही. दुकानदाराने फसवलं असं नाही म्हणणार, तोही दोन्ही एकाच नावाने विकतो. पण घेताना बूड पाहा आणि पात चुरगळून वास घ्या. स्वच्छ लिंबाचा वास आला तरच घ्या. कुंड्या खिडकीत राहू दिल्या. २४० रुपये गेले.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे गावाहून आणलेला ठोंब आहे. त्याचे दोन फुटवे मुळांसकट सोडवून त्यांनी दिले. पण वीस घरांच्या मालाला हे पुरणार नाही. हिशोब मांडला: कपाला सुका गवती चहा २ ग्रॅम, तुळस अर्धा ग्रॅम, सुंठ १ ग्रॅम, दालचिनी अर्धा ग्रॅम. म्हणजे सुका गवती चहा ४०० ग्रॅम लागणार. पाती सुकून साधारण चौथा हिस्सा उरते, तेव्हा ओला पावणेदोन-दोन किलो हवा. तो भाजीवाल्यांकडून जुड्यांनीच घ्यावा लागेल.

७ ते १० जुलै

रविवारी दहा जुड्या आणल्या, १५ रुपयांना एक. धुतल्या, कात्रीने अर्ध्या-अर्ध्या इंचाचे तुकडे केले आणि दिवाणखान्यात वर्तमानपत्रं अंथरून पंख्याखाली पसरल्या. गवती चहाच्या पातीची कडा बारीक करवतीसारखी असते. वरून खाली हात फिरवला तर काही होत नाही, उलटा फिरवला की बोट कापतं. तर्जनीला तीन चिरा पडल्या. पुढच्या वेळी रबरी हातमोजे.

त्याच रात्री तो पाऊस. ८ तारखेच्या पहाटे सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पडला, मध्य रेल्वे बंद, सकाळच्या शाळांना सुट्टी. सात-आठ तास वीज नव्हती, पंखा बंद. घरातली हवा इतकी ओली की भिंतीवरून हात फिरवला तर तळवा ओला होत होता.

बुधवारी ढीग उलटला. मधल्या थरातल्या तुकड्यांच्या कापलेल्या टोकांवर राखाडी पांढरी लव. अगदी बारीक, उजेडाशी धरल्याशिवाय दिसत नव्हती. वासही कुबट, ओल्या पायपुसण्यासारखा. शेजारच्या ताई म्हणाल्या, "वरचं काढून टाका, बाकीचं चालेल, उकळणारच आहोत." नाही चालत. बुरशी डोळ्यांना दिसते त्याहून आत गेलेली असते आणि काही बुरशींचं विष उकळत्या पाण्यातही मरत नाही. सगळं फेकलं. १५० रुपये आणि चार दिवस.

चुका तीन. थर जाड होता. खालून हवा लागत नव्हती. आणि वर्तमानपत्र, ज्याची शाई ओल्या पानाला लागते. जे पोटात जाणार ते छापील कागदावर सुकवू नये हे मला माहीत होतं, घाईत केलं.

१८ जुलै

दादरच्या फूलबाजारातून पहाटे तुळशीचे हार आणले होते, ६० रुपयांचे, स्वस्त पडतात म्हणून. घरी आल्यावर आई म्हणाल्या, "ती देवाची तुळस. काय फवारलंय कोण जाणे." खरंच आहे. देवाला वाहायला पिकवलेल्या मालावर फवारणी करणाऱ्याने ती कुणी पिणार आहे असं धरलेलं नसतं. हार देवाला घातले.

मग ठरवलं की तुळस फक्त ओळखीच्या कुंड्यांतली, आणि घेण्याआधी विचारायचं की मागच्या महिन्यात पिठ्या ढेकणासाठी वगैरे काही मारलंय का. चार घरांतून "हो, मारलंय" असं आलं, ती वगळली. आज तोडायची होती, पण परवा आषाढी एकादशी... नाही, काल एकादशी, आज द्वादशी. द्वादशीला तुळस तोडत नाहीत. आईंनी हात जोडून सांगितलं, मी ऐकलं. एक दिवस पुढे ढकलला.

२१ जुलै

ओव्हनचा प्रयोग. ६० अंशावर दीड तास. पाती सुकली, कुरकुरीतही झाली, पण रंग वाळक्या गवतासारखा, आणि सगळं घर लिंबाच्या वासाने भरलं. म्हणजे जे कपात यायला हवं होतं ते हवेत गेलं. चव शून्य. थोडाच माल होता, ते बरं.

आणखी एक: धुतलेल्या पानांतलं पाणी काढायला उशीच्या अभ्र्यात भरून वॉशिंग मशीनला एक मिनिट फिरवलं. गवती चहाला ही युक्ती उत्तम लागू पडली. तुळशीची पानं मात्र ठेचली आणि तासाभरात काळी पडली. तुळस फक्त झटकून, सुती फडक्यावर एकेक पान पसरून.

२७-२८ जुलै

जमलं. मच्छरदाणीची जाळी खाटेच्या चौकटीवर ताणून बांधली, म्हणजे खालूनही हवा लागते. त्यावर धुतलेलं जुनं सुती पातळ, त्यावर एकच पदर पाती. झोपायच्या खोलीत एसी "ड्राय"वर, दारं बंद, टेबल पंखा भिंतीकडे तोंड करून, म्हणजे वारा थेट पानांवर न येता खोलीत फिरतो. दोन रात्री. आम्ही बाहेरच्या खोलीत झोपलो. मीटरवर १४ युनिट.

दोन किलो ओल्या गवती चहाचे (२४० रुपये) ४७० ग्रॅम सुके हाती आले. सुकलंय हे हाताला कळतं: पात वाकवली की वाकत नाही, टचकन मोडते, आणि देठाचा जाड भागही मोडतो. देठ वाकला तर अजून ओलं आहे. तुळस चिमटीत धरून चोळली की चुरा व्हायला हवा. ती ६५० ग्रॅमची १०५ ग्रॅम झाली. काचेच्या बरण्यांत भरलं.

४ ऑगस्ट

लालबागला गेले. सुंठ दोन तऱ्हेची दिसली, एक पांढरी गुळगुळीत, एक मातकट. पांढरी चुन्याच्या पाण्यातून काढलेली असते. मातकट घेतली, २५० ग्रॅम १३० रुपये.

दालचिनीवर जरा थांबते, कारण इथे बहुतेक जण चुकतात. मसाल्याच्या दुकानात जी जाड, एकाच पदराची, झाडाच्या सालीसारखी दिसते ती कॅशिया. बिर्याणीत एखादा तुकडा असेल तर हरकत नाही, पण तिच्यात कुमारिन जास्त असतं, आणि रोजच्या पिण्यात ते यकृताला बरं नाही. सिलोन दालचिनीची कांडी आडवी पाहिली तर विडीसारखे पातळ कागदी पदर एकात एक गुंडाळलेले दिसतात, बोटाने चुरते. १०० ग्रॅमला १८० रुपये दिले. महाग, पण कपाला अर्धा ग्रॅमच लागतो.

ज्येष्ठमध पूड न घेता कांडी घेतली, १०० ग्रॅम ७० रुपये. मोडून पाहिली: आतून पिवळी, दोरखंडासारखे तंतू, जिभेवर आधी मातीची चव आणि मग गोडी, जी पाच मिनिटं जात नाही.

घरी येऊन सुंठ मिक्सरला लावली. तिसऱ्या फेऱ्यात खडखड आवाज आणि खालचा कपलर तुटला. दुरुस्ती २२० रुपये. सुंठ आधी लोखंडी खलबत्त्यात हरभऱ्याएवढी फोडायची आणि तिथेच थांबायचं. काढ्याला पूड नकोच, गाळणीतून उतरते आणि कप गढूळ होतो.

११ ऑगस्ट

पहिला काढा. सगळं एकत्र टाकून दोन कप पाण्याचा एक कप होईपर्यंत उकळलं. सुंठीचा झणका आला, दालचिनी आली, गवती चहा आणि तुळस कुठेच नाही. खालच्या वहिनींनी चव घेऊन विचारलं, "यात गवती चहा घातलाय का तुम्ही?"

इथे जुना भेद कामाला आला. शार्ङ्गधरसंहितेत काढा आणि फांट वेगळे सांगितले आहेत. काढा म्हणजे सोळा पट पाण्यात उकळून आटवलेला. फांट म्हणजे गरम पाणी ओतून, भिजू देऊन, गाळलेला. मुळं-साली उकळल्याशिवाय उतरत नाहीत, आणि सुगंधी पानांचा जीव त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. दोघांना एका भांड्यात एकाच वेळी घातलं की एकाचं नुकसान ठरलेलं.

म्हणून पुडीत दोन लहान पुड्या. "उकळायची": सुंठ, दालचिनी. "झाकायची": गवती चहा, तुळस. दीड कप पाणी, पहिल्या पुडीतला चमचाभर ऐवज टाकून झाकण ठेवून मंद आचेवर आठ मिनिटं. गॅस बंद. मग दुसऱ्या पुडीतली मूठभर पानं, घट्ट झाकण, पाच मिनिटं. झाकण उघडताना आतल्या बाजूला लागलेले थेंब भांड्यात परत पाडायचे, वास त्यांत असतो. भांडं स्टीलचं.

वहिनींना परत दिला. त्यांनी कप संपवून दुसरा मागितला.

१८ ऑगस्ट

पहिल्या पुडीत ज्येष्ठमध घातलं. गोडी इतकी छान आली की साखर-गूळ काहीच लागेना. आईंना फार आवडला. सकाळी एक, संध्याकाळी एक, असा रोज करून द्यायला लागले.

१३ सप्टेंबर

ही नोंद लिहिताना हात जड होतोय.

परवा गौरीपूजनाच्या दिवशी आईंच्या पायांवर सूज दिसली. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. दिवसभर उभ्या होत्या, त्याने असेल असं सगळेच म्हणालो. काल गौरी गेल्या आणि आज सकाळी त्यांना जिना चढताना मांड्यांत त्राण राहिलं नाही. डोकंही दुखत होतं. डॉक्टरांकडे नेलं. बीपी १६८/९६. एरवी गोळीवर १३५ च्या आसपास असतं. रक्तात पोटॅशियम ३.१, असायला हवं निदान ३.५.

डॉक्टरांनी गोळ्या विचारल्या, मीठ विचारलं, मग विचारलं, "घरचं काही औषध चालू आहे?" मी म्हटलं, औषध नाही, घरचा काढा. "त्यात काय काय?" ज्येष्ठमध म्हटल्याबरोबर त्यांनी पेन खाली ठेवलं.

ज्येष्ठमधातल्या ज्या द्रव्याने गोडी येते, ग्लिसिरायझिन, तेच शरीराला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी वाढतं, पाय सुजतात, स्नायू थकतात, पोटॅशियम फारच उतरलं तर हृदयाचे ठोकेही बिघडतात. आईंच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, तेही पोटॅशियम कमीच करतं. म्हणजे दोन बाजूंनी गळती, आणि त्यातली एक मी रोज दोनदा हाताने कपात ओतत होते, सव्वीस दिवस.

घरी आल्यावर ज्येष्ठमधाची बरणी काढून ठेवली. आई म्हणाल्या, "तू प्रेमाने देत होतीस ग." रात्री झोप लागली नाही.

१६ सप्टेंबर

आईंना विचारलं, तुमच्याकडे ज्येष्ठमध कसं द्यायचे? त्या म्हणाल्या, घसा बसला की काडी तोंडात धरायची, कीर्तनकारही धरतात. भातलावणीत भिजून आलेल्या गड्यांना आलं, गवती चहा आणि गूळ असा काढा मिळायचा. "तीन दिवस. चौथ्या दिवशी बरं नाही वाटलं तर आजोबा वैद्याकडे धाडायचे."

तीन दिवस. ते औषध होतं, म्हणून त्याला दिवस मोजलेले होते. मी त्याचा रोजचा चहा केला आणि दिवस मोजायचं सोडलं. रोज प्यायच्या पुडीत रोज चालणाऱ्याच वस्तू ठेवायच्या, हे आज ठरवलं. ज्येष्ठमध बाद.

४ ऑक्टोबर

बीपी १३८/८२. पोटॅशियम ३.९. सूज गेली. तीन आठवडे लागले. डॉक्टर म्हणाले होतेच की ज्येष्ठमध बंद केलं तरी त्याचा परिणाम उतरायला वेळ लागतो.

६ ऑक्टोबर

भिशीत पुड्यांची गोष्ट निघाली आणि मागण्या आल्या.

गुळवेल घाला, कंपाउंडातल्या कडुलिंबावर चढलाय. नाही घालणार. २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल असंही म्हटलं. वाद तज्ज्ञांनी सोडवावा. पण ओळखण्यात तज्ज्ञांच्याही मते गल्लत होऊ शकते, तर कडुलिंबावरची वेल पाहून मी वीस घरांना कशी देऊ?

अडुळसा घाला, खोकल्याला चांगला. खोकल्याला चांगला आहे हे खरंच, ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करायचं औषध अडुळशातल्याच व्हॅसिसीनवरून तयार झालं. पण अडुळसा गर्भाशय आकुंचन पाववतो, गरोदरपणात वर्ज्य. आणि मागणाऱ्या ताईंची मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली आहे. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तिला तुमची पुडीही देऊ का नको?" मी म्हटलं, तिच्या डॉक्टरांना पुडीसोबतची चिठ्ठी दाखवून विचारा, माझ्या शब्दावर देऊ नका.

त्यावरून चिठ्ठीचा मजकूर ठरला. आधी मी वर "सर्दी-खोकल्यावर गुणकारी" असं लिहिलं होतं, ते काढलं. आता आहे ते असं: काय काय घातलंय, किती ग्रॅम. कधी सुकवलं. कसं करायचं. दिवसाला दोन कपांपेक्षा जास्त नको. गरोदर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेले, यांनी डॉक्टरांना विचारून. वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये, आणि त्याला मध तर कशातच नको. ताप तीन दिवसांवर गेला, धाप लागली तर काढा करत बसू नये, दवाखान्यात जावं.

१९-२० ऑक्टोबर

भरायच्या आधीची परीक्षा: सुकी पानं कोरड्या बरणीत घट्ट बंद करून चोवीस तास ठेवायची. आतून काचेवर धुकं धरलं तर अजून ओल आहे. पाच बरण्यांपैकी दोन धुकटल्या. २५ सप्टेंबरच्या पावसानंतर मी त्या दोन दाखवायला म्हणून उघडल्या होत्या, तेव्हाच दमट हवा शिरली. बुरशी नव्हती, वास चांगला. पुन्हा जाळीवर, पुन्हा एसी, १२ युनिट. दुसऱ्या दिवशी काच स्वच्छ. पावसाळ्यात भरलेली बरणी उघडू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

झिपच्या पिशव्या आणि छापील चिठ्ठ्या, ३१० रुपये.

२७ ऑक्टोबर

वीस पुड्या वाटल्या. प्रत्येकीला चिठ्ठी हातात देऊन वाचून दाखवली. त्यात वेळ गेला, पण तीन घरांत रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत हे तेव्हाच कळलं.

हिशोब: एकूण १,८६० रुपये, वीज (२६ युनिटचे सुमारे २६०) धरून. त्यातले ७४० वाया गेले: सिट्रोनेला २४०, बुरशीचा माल १५०, फूलबाजारातले हार ६०, ज्येष्ठमध ७०, मिक्सर २२०. डॉक्टर आणि रक्ततपासणी यात धरलेली नाही. पुडी ९३ रुपयांना पडली. आम्ही विकत नाही, विकायचं असेल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी करावी लागेल.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

सातव्या महिन्यातल्या मुलीच्या आईचा फोन आला. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि सुंठ-दालचिनीची पुडी बाजूला ठेवायला सांगितली, गवती चहाही सध्या नको म्हणाले. ताईंनी अख्खी पुडी बंद करून कपाटात ठेवली आहे, बाळंतपणानंतर पुन्हा विचारणार आहेत.

वहिनींकडून आणलेल्या दोन फुटव्यांचे आता नऊ झालेत. बूड पांढरट-हिरवं. कन्नमवार नगरात कुणाला हवे असतील तर मुळांसकट काढून देईन. आईंना आज संध्याकाळी नुसत्या गवती चहाचा कप दिला, चिमूटभर गूळ घालून. कप देण्याआधी बीपी मोजलं, १३४/८०, आणि वहीत तारीख टाकली.